पूर ओसरल्यावरचा मंगळवार

बडोद्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"माझं माहेर दांडिया बाजारातलं. लग्नानंतर समा भागात आले ती इथलीच झाले. ३४ वर्षं बँकेत नोकरी केली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलं बाहेरगावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ऐन जन्माष्टमीला पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीत शिरली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. वीज नाही, प्यायला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही बारा-चौदा जणींनी गच्चीवर शेगड्या मांडल्या आणि पाच दिवस पोळ्या, थेपले, खिचडी करून मागच्या वस्तीत पाठवली. एका दिवसात मी एकटीने दोनशे पोळ्या लाटल्या. मग गणपती बसले, सगळं सुरळीत झालं आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुन्हा 'सुप्रभात'वर आला.

त्यानंतर मी दोन ठिकाणी जाऊन पाहिलं. एका संस्थेने दवाखान्यात फळं वाटायला नेलं, हातात केळी देऊन फोटो काढले, नंतर फोन नाही. अंध मुलांचे पेपर लिहायला माणसं हवीत असं कळलं म्हणून तिथे गेले, तर तुमचं शिक्षण जास्त आहे म्हणून परत पाठवलं. ह्यांचं म्हणणं, 'देणगी दे आणि मोकळी हो, या वयात फुकट कशाला राबायचं.' ताई, सांगायला लाज वाटते, पण पुराचे ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. लोकांचे संसार चिखलात गेले आणि मी आनंदात होते. यंदा नदी वाढल्याची बातमी आली तेव्हा छातीत धस्स झालं, आणि पाठोपाठ आणखीही काहीतरी झालं. मी पूर यायची वाट बघतेय का?"

ताई,

ज्या वाक्याची तुम्हाला लाज वाटली, तेच आधी घेते. तुम्ही पुराची वाट बघत नाही आहात. बातमी ऐकून आधी धस्स झालं, हे तुम्हीच लिहिलंय. पाठोपाठ जे आलं, ते त्या गच्चीच्या आठवणीने आलं. त्या पाच दिवसांत सकाळी सहाला कुणीतरी तुमची वाट बघत होतं. तुम्ही गेला नसतात तर कणीक तशीच राहिली असती आणि चाळीस माणसं दुपारपर्यंत उपाशी बसली असती. शेजारच्या ब्लॉकमधली, जिचं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं अशी मुलगी तुमच्या शेजारी मांडी घालून थेपले लाटत होती. ३४ वर्षं रोज ठरलेल्या वेळी काउंटरवर बसणाऱ्या बाईला निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी पुन्हा धरून चाललं होतं, की त्या येणारच. माणसाला याचा आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. त्यात पाप कसलं?

एक मात्र खरं. पुरातलं काम एका अर्थी सोपं असतं. काय करायचं ते समोर दिसतं, केलेलं लगेच दिसतं, आणि ते कधीतरी संपतं. कोरड्या दिवसांतलं काम आधी शोधावं लागतं. ते संपत नाही आणि केलेलं कुणाला दिसतही नाही. म्हणून पुरात धावून आलेली बहुतेक माणसं दिवाळीपर्यंत घरी परतलेली असतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्या दिवसांत त्यांनी केलेलं खरंच होतं.

मीही त्यांतलीच होते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांतून आम्ही जुने कपडे गोळा केले. पोत्यांवर पोती. कुणाला काय हवंय हे विचारायला एकीनेही वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. आत भरजरी साड्या होत्या, एकेकटे मोजे होते, लग्नातले सूट होते. वस्तीतल्या बायकांना हवे होते आतले कपडे, कोरडे टॉवेल, बाळांची दुपटी आणि चिखल ओढायचे खराटे. निम्मी पोती एका हॉलमध्ये कुबट होऊन पडली आणि शेवटी टेम्पो करून ती उचलावी लागली. २००१ च्या भूकंपानंतर कच्छच्या रस्त्यांच्या कडेला कपड्यांचे असेच ढीग लोकांनी पाहिले होते, तरी आम्ही तेच केलं. तेव्हापासून मी एक शिकले, की हात पुढे करण्याआधी तोंड उघडून विचारायचं.

आता तुमच्या दोन कडू अनुभवांबद्दल. केळ्यांचं मी फार बोलत नाही. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून फोटो काढणाऱ्यांकडे पुन्हा जाऊ नका, एवढंच. अंध विद्यार्थ्यांच्या ठिकाणी मात्र तुमचा अपमान झाला नाही, तो मनातून काढून टाका. परीक्षेप्रमाणे तपशील बदलतो, पण सर्वसाधारण नियम असा आहे की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालच्या पायरीवरचं असावं. नाहीतर पेपर कोणी सोडवला, हा प्रश्न येतो. पदवीधर बाईला बारावीच्या मुलाचा पेपर म्हणूनच लिहू देत नाहीत. तो नियम त्या मुलाच्या गुणांवर कुणी शंका घेऊ नये यासाठी आहे. परीक्षेआधी वर्षभर त्याला पुस्तक वाचून दाखवायला, धडे मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायला तुमच्या पदवीची आडकाठी नाही. पण त्यांनी ते तुम्हाला सुचवलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. पेपर एका दिवसाचा असतो आणि वाचून दाखवणं वर्षभराचं. आपण सगळेच आधी पेपर लिहायला धावतो.

तुमच्या पत्रात पोळ्यांचा उल्लेख पाच-सहा वेळा आला आहे, बँकेचा एकदाच, तोही ओळख करून देताना. मला ते वाचून राहवलं नाही. ताई, तुमच्या गच्चीवरच्या बारा-चौदा जणींपैकी पोळ्या सगळ्यांनाच येत होत्या. पासबुक वाचता येणारी तुमच्याखेरीज किती जणी होत्या?

मागच्या ज्या वस्तीत तुम्ही खिचडी पाठवलीत, तिथे एखाद्या घरातला कर्ता माणूस अपघातात गेलेला असतो. त्याच्या बायकोच्या ट्रंकेत त्याचं पासबुक असतं. त्यात दर वर्षी मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापल्याची नोंद असते. तुम्हाला ती नोंद बघताक्षणी कळेल, पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. तिला ती कळणार नाही. बँकेने काहीतरी कापलंय, एवढंच तिला वाटतं. कापलेले ४३६ असतील तर ती जीवनज्योती विम्याची नोंद, आणि विमा चालू असेल तर मृत्यू आजाराने झालेला असला तरी २ लाख. हे दावे वेळेत करावे लागतात. दु:खाचे पहिले महिने उलटून जातात, पासबुक ट्रंकेतच राहतं आणि त्या घरातली मुलगी शाळा सोडून कामाला जाते. गुजरात सरकारची विधवांसाठी गंगास्वरूपा योजना आहे, महिना १,२५० रुपये. त्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही म्हणून तीन हेलपाटे. एका हेलपाट्याला त्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते. म्हाताऱ्या पेन्शनरांचे नोव्हेंबरमधले हयातीचे दाखले. दहा वर्षं हात न लावलेली खाती, जी आता रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात. आणि पुरानंतर तर विचारूच नका. केशडोल म्हणजे सरकारची रोख मदत, घरवखरीची म्हणजे घरातल्या सामानासाठीची मदत, भिजून लगदा झालेली रेशन कार्डं. पोळी खाऊन माणूस उठला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न कागदांचाच असतो, आणि नेमकी तेव्हा गच्ची रिकामी झालेली असते.

तुम्ही जन्मभर काउंटरच्या ज्या बाजूला बसलात, तिच्या दुसऱ्या बाजूला आता दोन तास बसा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. समजा मंगळवारी संध्याकाळी चार ते सहा.

कुठे बसायचं? स्वत:च्या पैशाने फलक लावून, मांडव घालून सुरुवात करू नका. आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव उठता-बसता घेतो, तर त्यांची एक रीत उचला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं. गावाला पुस्तकं दान देऊन टाकायची, अशी ती रीत नव्हती. गावाने आधी स्वत: वर्गणी जमवायची, मग तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. पहिला हिस्सा गावाचा. म्हणून ते वाचनालय गावाचं झालं. तुम्हीही वस्तीकडे हिस्सा मागा. गणेश मंडळाकडून टेबल, कुणाच्या ओट्यावरची जागा, दोन खुर्च्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तीतलीच एखादी कॉलेजात जाणारी मुलगी तुमच्या शेजारी बसायला. वर्षभराने तिला तुमच्याइतकं येईल. तुम्ही आजारी पडलात, मुलाकडे महिनाभर गेलात, तरी मंगळवार चुकणार नाही.

आता जरा कडक बोलते, कारण इथे चूक झाली तर तुमच्या चांगुलपणाला कुणी विचारणार नाही. कुणाचे पैसे हातात घ्यायचे नाहीत, 'बेन, तुम्हीच भरून टाका ना' म्हटलं तरी नाही. कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, आणि कुणी आपणहून सांगू लागला तर त्याला थांबवायचं. पिन टाकताना मान दुसरीकडे वळवायची. मूळ कागद घरी आणायचा नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. एका वहीत तारीख, नाव, काय काम, कुठे पाठवलं, इतकं लिहायचं आणि ते त्या माणसाला वाचून दाखवायचं. नक्की माहीत नसेल तर 'पुढच्या मंगळवारी विचारून सांगते' म्हणायचं. दावा मंजूर होईलच, असं वचन देऊ नका. बँकेत तुम्ही हे सगळं पाळत होतातच. वस्तीत माया आड येते आणि नियम सैल होतात, म्हणून लिहिलं.

पहिले काही मंगळवार कुणीही येणार नाही. हे मी स्वत:वरून सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी सकाळी जायला लागले. छोटाउदेपूर, पंचमहाल, अगदी अलीराजपूरहून माणसं येतात. केस कुठे काढायची, एक्स-रे कुठल्या इमारतीत, काही कळत नाही. वाट दाखवायची, एवढंच ठरवलं होतं. पहिले चार गुरुवार मी खिडकीजवळ नुसती उभी राहिले. माणसं माझ्याकडे बघत आणि बाजूने जात. बरी साडी नेसून, चष्मा लावून उभी असलेली बाई कोण, काय हवंय हिला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. पाचव्या गुरुवारी एका म्हाताऱ्याने दबक्या आवाजात विचारलं, संडास कुठे आहे. मी त्याला दारापर्यंत सोडून आले. घरी येऊन रडले, की यासाठी का मी जाते? पुढच्या गुरुवारी तोच म्हातारा आपल्या सुनेला घेऊन थेट माझ्याकडे आला आणि औषधांची पिशवी माझ्या हातात दिली. आधी त्याने मला पारखलं होतं. ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते ती विचारल्यावर ही बाई नाक मुरडते की नाही, ते त्याने बघितलं होतं.

त्या सुनेला वाचता येत नव्हतं. तिथल्या औषध देणाऱ्या बाईंना विचारून, त्यांच्यासमोरच मी पाकिटांवर चित्रं काढायला लागले. सकाळची गोळी असेल तर डोंगरातून वर येणारा सूर्य, दुपारची तर डोक्यावरचा, रात्रीची तर चंद्र. जेवणानंतर घ्यायची असेल तर बाजूला भरलेलं ताट. पुढे त्या बाईच स्वत: काढायला लागल्या आणि माझ्यापेक्षा बरा चंद्र काढायच्या. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं आणि घरी बसून सुचलंही नसतं. चार गुरुवार नुसतं उभं राहिल्याशिवाय ते दिसलंच नसतं. म्हणून तीन महिने तरी एकही मंगळवार चुकवू नका. तीन महिन्यांनी नकोसं वाटलं तर सोडा, पण मधेच गायब होऊ नका. शेवटचा दिवस कुठला, ते आधी सांगा.

हे सगळं करून तुम्हाला गच्चीवरचं ते सुख मिळेल का? तसं, एकदम, पाच दिवसांत घागरभर, असं नाही मिळणार. ते थेंबाथेंबाने येईल. कुणीतरी 'आज मंगळवार ना, बेन येतील' म्हणेल आणि ते तुमच्या कानावर पडेल. भाजीवाली गर्दीतून हाक मारून पासबुक पुढे करेल, 'बेन, जरा जोई आपो ने', जरा बघून द्या ना. तुम्ही ज्या रस्त्याने ३४ वर्षं रिक्षाने गेलात, त्या रस्त्यावर तुम्हाला नावाने ओळखणारी माणसं असतील.

तुमच्या पुराच्या प्रश्नाकडे परत येते, कारण पाणी पुन्हा येणार आहे. विश्वामित्री पावागडाकडून येते, आजवा सरोवराचं पाणी सुटलं की तेही तिच्यात उतरतं, आणि ती शहराच्या मधून वळणं घेत जाते. शहरातल्या काळाघोडा पुलाजवळ २५ फूट ही धोक्याची पातळी मानत आले, २०२४ मध्ये नदी ३५ च्या वर गेली. त्या दिवशी आमच्या गल्लीत काय झालं ते सांगते. आम्हीही तुमच्यासारखीच खिचडी शिजवत होतो, मोठ्या पातेल्यात, दीडशे माणसांची. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की चार घरं पलीकडचे आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात आणि ते कालपासून गेलेलेच नाहीत. त्यांच्या पायांना सूज होती, श्वास लागत होता. ट्रॅक्टर मिळाला, त्यावर खुर्ची बांधून त्यांना नेलं. वाचले. पण आम्ही दीडशे अनोळखी माणसांचं जेवण रांधत होतो आणि चार घरांपलीकडे काय चाललंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ही बोच मला अजून आहे.

म्हणून तुमच्या त्या 'सुप्रभात' ग्रुपला एक काम द्या. सोसायटीची आणि मागच्या वस्तीची एक वही करा. कोण एकटं राहतं, कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं डायलिसिस कुठल्या वारी, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, कुणाकडे बाळंतीण आहे. वरच्या मजल्यावरचं कुठलं घर कुणाला ठेवून घेईल, तेही त्याच पानावर. वीज गेली की इन्सुलिनचं काय करायचं, हे त्या घराने आपल्या डॉक्टरांना पावसाळ्याआधीच विचारून ठेवावं. काही दिवस माठातल्या गारव्यात ते टिकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि घाबरून ते डोस चुकवतात. वही कागदाचीच असू दे, फोनमधली नको, कारण तुमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. आणि ती प्रत्येकाच्या परवानगीने करा, आजार म्हणजे ग्रुपवर टाकायची बातमी नव्हे. एका जिन्याची जबाबदारी एकीने घेतली तर चौदा जणींत सगळी सोसायटी होईल.

१७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबे शहरात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून जी माणसं जिवंत निघाली, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. बचाव पथकं यायच्या आधी. रात्री म्हातारी कुठल्या खोलीत झोपते हे शेजाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून कुठे उकरायचं ते कळलं. असली माहिती आपत्तीच्या दिवशी गोळा होत नाही. आपल्या गुजरातेतही १९२७ च्या जुलैत मोठा प्रलय झाला होता. वल्लभभाई पटेलांनी तेव्हा खेड्याखेड्यांत स्वयंसेवक धाडून धान्य, बियाणं, घरबांधणीची मदत पोचवली. त्यांतले कितीतरी जण १९२३-२४ च्या बोरसदच्या लढ्यापासून गावांत बसून काम करत होते, म्हणून कुठल्या घरी काय नाही हे त्यांना विचारावं लागलं नाही. पूर ओसरल्यावरही ते टिकून राहिले, आणि पुढच्याच वर्षी बारडोलीला त्यांचं जाळं कामी आलं. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटतं. बारडोली सगळ्यांना माहीत असते, तिच्या आधीचा चिखल उपसणारी वर्षं कुणी सांगत नाही.

राहिलं तुमच्या 'ह्यां'चं. देणगी दे असं ते म्हणतात त्यात वाईट काही नाही, पैसाही लागतोच. जमेल तेवढी जरूर द्या. पण ते म्हणतात देऊन मोकळी हो, आणि ताई, तुम्हाला तर मोकळं व्हायचंच नाहीये. दोन वर्षं तुम्ही मोकळ्याच आहात आणि त्यानेच जीव घाबरा झालाय. त्यांच्याशी वाद घालू नका. पहिल्या मंगळवारी 'मला सोडायला चला' म्हणा. तिथे बसलेल्या एखाद्या निवृत्त माणसाचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, आणि हात थरथरणाऱ्या माणसापुढे फोन धरून ठेवायला कुणीतरी लागतं. तेवढं त्यांना सांगा. ते दुसऱ्या मंगळवारी येतील की नाही, ते त्यांच्यावर सोडा.

गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसू नका, खुर्ची मागून घ्या. दोन तासांच्या वर थांबू नका, नाहीतर महिन्याभरात कंटाळाल. बरोबर दोन बॉलपेन, स्टॅम्पपॅड आणि अंगठा पुसायला ओलं फडकं न्या. बँकेत ते फडकं कधीच नसायचं आणि माणसं निळा अंगठा धोतराला पुसत बाहेर पडायची, तुम्ही पाहिलंच असेल.

आणि वही झाली की मे संपता संपता त्यातले सगळे नंबर एकदा लावून बघा. वर्षभरात त्यांतले कितीतरी बंद पडलेले असतात.